चौथा अध्यक्ष : कास्तेलार आणि स्पेनचं अकरा महिन्यांचं प्रजासत्ताक

१८६५ च्या फेब्रुवारीत स्पेनच्या राणीने, दुसऱ्या इसाबेलने, एक मोठं दान जाहीर केलं. राजघराण्याच्या ताब्यातली बरीचशी मालमत्ता विकायची, येतील त्या पैशांतला पाऊण हिस्सा देशाच्या खडखडाट झालेल्या तिजोरीत टाकायचा आणि पाव हिस्सा राणीकडे ठेवायचा. सरकारधार्जिण्या वर्तमानपत्रांनी राणीच्या औदार्याचे पोवाडे गायला सुरुवात केली. मग माद्रिदच्या 'ला देमोक्रासिया' या वर्तमानपत्रात एक लेख आला. त्यातला मुद्दा एवढाच होता : ही मालमत्ता राणीची होती कधी? ती तर राष्ट्राची. म्हणजे राणी ७५ टक्के देत नाहीये, २५ टक्के खिशात घालतेय. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र, तेही हलवायाकडून पाव किलो पेढे वसूल करून.

लेखाचं नाव होतं 'एल रास्गो'. दिलदारपणाचं कृत्य, असा त्याचा साधारण अर्थ. लिहिणारा एमिलिओ कास्तेलार. वय ३२, माद्रिदच्या विद्यापीठात इतिहासाचा प्राध्यापक आणि त्याच वर्तमानपत्राचा संस्थापक.

पंतप्रधान जनरल नार्वाएझ यांना हे झोंबलं. या प्राध्यापकाला काढून टाका, असा हुकूम सुटला. कुलगुरूंनी तो मानला नाही, तेव्हा सरकारने कुलगुरूंनाच घरी बसवलं. विद्यार्थी रस्त्यावर उतरले. १० एप्रिलच्या रात्री माद्रिदच्या मध्यवर्ती पुएर्ता देल सोल चौकात शिट्ट्या मारणाऱ्या, घोषणा देणाऱ्या जमावावर सशस्त्र पोलिसांनी गोळ्या झाडल्या आणि घोडदळ घातलं. १४ माणसं मेली, दोनशेच्या आसपास जखमी झाली. दुसऱ्या दिवशी या प्रकरणावर मंत्रिमंडळाची बैठक चालू असताना शिक्षणाचं खातं सांभाळणाऱ्या म्हाताऱ्या मंत्र्यांना झटका आला आणि ते दगावले. दोन-अडीच महिन्यांत नार्वाएझचं सरकार गेलं.

एका लेखाने एवढं घडलं. हे लक्षात ठेवा, कारण याच माणसाच्या हाती आठ वर्षांनी देश आला, तेव्हा त्याने पहिल्या काही आठवड्यांतच संसदेला सुट्टी दिली आणि वर्तमानपत्रांवर बंधनं घातली. ढोंगी म्हणून त्याला मोडीत काढणं सोपं आहे. मीही आधी तेच केलं होतं. पण १८७३ सालचा स्पेन नेमका कशात अडकला होता हे समजून घेतलं, की प्रकरण इतकं सरळ राहत नाही.

गादीचं भांडण आणि बंडाची सवय

कास्तेलारचा जन्म १८३२ चा, कादिझ या बंदराच्या शहरातला. याच शहरात १८१२ साली स्पेनची पहिली उदारमतवादी राज्यघटना तयार झाली होती. त्याचे वडील त्या विचारांचे, आणि त्यापायी काही वर्षं जिब्राल्टरमध्ये परागंदा होऊन राहिलेले. एमिलिओ सात वर्षांचा असताना ते वारले. आई मुलांना घेऊन माहेरच्या आधाराने आलिकान्ते प्रांतातल्या एल्दा गावी गेली. पुढे शिष्यवृत्ती, माद्रिद, पदव्या. सप्टेंबर १८५४ मध्ये माद्रिदच्या तेआत्रो रेआल या मोठ्या नाट्यगृहात डेमोक्रॅटांची निवडणूक सभा होती. तिथे एक अनोळखी, बावीस वर्षांचा, बुटकासा तरुण बोलायला उभा राहिला. दुसऱ्या दिवशी सगळं माद्रिद त्याचं नाव विचारत होतं.

आता पार्श्वभूमी. सातवा फर्दिनांद १८३३ साली मेला, तेव्हा त्याची मुलगी इसाबेल तीन वर्षांचीही नव्हती. फर्दिनांदचा भाऊ कार्लोस म्हणाला, बाईला गादी नाही, मीच वारस. या भाऊबंदकीतून जो पक्ष निघाला तो कार्लिस्ट. कडवे कॅथलिक, जुन्या प्रांतिक हक्कांचे अभिमानी; बास्क प्रदेश, नावारा आणि कॅटलोनियाच्या डोंगराळ भागांत त्यांची मुळं पक्की. एकोणिसाव्या शतकात त्यांनी गादीसाठी तीन युद्धं लढली, त्यातलं तिसरं १८७२ ते १८७६. कास्तेलारच्या गोष्टीत ते सतत मागे धुमसत असतं.

दुसरी गोष्ट लष्कराची. स्पेनमध्ये सरकार बदलण्याची एक ठरलेली रीत पडून गेली होती. एखादा जनरल आपल्या तुकडीसमोर उभा राहायचा, जाहीरनामा वाचायचा आणि बाकीच्या छावण्या त्याच्या बाजूने येतात का, याची वाट पाहायचा. आल्या तर नवं सरकार. नाही आल्या तर जनरलसाहेब फ्रान्समध्ये. निवडणुका होत, पण ज्याचं सरकार त्याचाच विजय. त्यामुळे विरोधकाला सत्तेत यायचं तर निवडणूक हा मार्गच नव्हता, जनरल हाच मार्ग. ही सवय एका पक्षाची नव्हती. प्रजासत्ताकवाद्यांनाही जनरल हवेच असत.

कास्तेलारही त्यातून सुटला नाही. जून १८६६ मध्ये माद्रिदच्या सान हिल बराकीतल्या सार्जंटांनी बंड केलं, ते फसलं, कित्येक जणांना गोळ्या घातल्या गेल्या. कटात सामील म्हणून कास्तेलारला मृत्युदंड झाला. त्या काळी स्पेनमध्ये गळ्याभोवती लोखंडी पट्टा आवळून मारत. तो लपतछपत फ्रान्सला पोचला आणि पुढची दोन वर्षं पॅरिस, इटली अशी परदेशात काढली. पोट भरत होतं लेखणीवर. लॅटिन अमेरिकेतल्या वर्तमानपत्रांना त्याचे लेख हवे असत, आणि ही मिळकत त्याला जन्मभर पुरली.

राजा पाहिजे

सप्टेंबर १८६८ मध्ये नौदल आणि लष्कर दोन्ही उलटले. सुट्टीवर उत्तर किनाऱ्याला गेलेली राणी तिथूनच फ्रान्सला निघून गेली. स्पॅनिश लोक या उठावाला 'ला ग्लोरिओसा' म्हणतात, गौरवशाली. राणी नको, एवढ्यावर सगळ्यांचं एकमत होतं. पुढे काय, यावर अजिबात नव्हतं. जानेवारी १८६९ च्या निवडणुकीत पंचवीस वर्षांवरच्या सगळ्या पुरुषांना मत मिळालं आणि सत्तरच्या आसपास प्रजासत्ताकवादी निवडून आले. त्यांत कास्तेलार होता. पण बहुमत राजेशाहीचं होतं. म्हणून १८६९ ची घटना झाली ती अशी : हक्क सगळे आधुनिक, राज्य मात्र राजाचं, आणि राजा अजून शोधायचा. जनरल प्रिम युरोपभर राजा शोधत फिरला. एका जर्मन राजपुत्राचं नाव पुढे आलं, त्यावरून फ्रान्स आणि प्रशिया यांच्यात १८७० चं युद्ध पेटलं. स्पेनच्या रिकाम्या खुर्चीपायी फ्रान्सचा सम्राट गेला, असं म्हटलं तर ते थोडंच अतिशयोक्त ठरेल.

या संसदेत कास्तेलारने जी भाषणं केली त्यांवर त्याची कीर्ती उभी आहे. १२ एप्रिल १८६९ ला धर्मस्वातंत्र्यावर चर्चा होती. मांतेरोला नावाच्या धर्मगुरू खासदाराने, कॅथलिक धर्म सोडला तर स्पेन बुडेल, असं मांडलं. कास्तेलारने उत्तर देताना ख्रिस्ताचाच आधार घेतला. सिनाई पर्वतावरचा देव मोठा आहे, तो म्हणाला. मेघगर्जना त्याच्या पुढे चालते, वीज त्याच्या सोबत असते. पण त्याहून मोठा देव क्रूसावर खिळलेला आहे, जो मरताना म्हणतो, बापा, यांना क्षमा कर, आपण काय करतोय हे यांना कळत नाही. शक्तीचा धर्म मोठा असेल, प्रेमाचा त्याहून मोठा, आणि त्या धर्माच्या नावाने मी मागतो की घटनेत सर्वांसाठी स्वातंत्र्य लिहा. धर्मविरोधी प्रजासत्ताकवादी पुष्कळ होते, पण धर्मगुरूला त्याच्याच पोथीतून उत्तर देणारा हा एकच. पुढच्या वर्षी, २० जून १८७० ला, तो गुलामगिरीवर बोलला. सरकारने आणलेला कायदा नवजात मुलांना आणि साठी उलटलेल्यांना मोकळं करणारा होता. मधल्या सगळ्यांचं काय, हा त्याचा प्रश्न.

अखेर राजा मिळाला : इटलीच्या राजाचा मुलगा आमादेओ. तो स्पेनला यायला निघाला आणि त्याला आणणारा प्रिम माद्रिदच्या रस्त्यात गोळ्या लागून मेला. आमादेओ सज्जन होता, पण परका होता. सरदारांनी त्याच्याकडे पाठ फिरवली, कार्लिस्टांनी युद्ध पुकारलं, क्युबात १८६८ पासून स्वातंत्र्ययुद्ध चालूच होतं. शेवटी तोफखान्याच्या अधिकाऱ्यांनी एका नेमणुकीवरून सामूहिक राजीनामे दिले. सरकारने ते सगळे स्वीकारून तोफा सार्जंटांच्या हाती दिल्या आणि राजाने त्या हुकमावर सही करून स्वतःही राजीनामा दिला. या तोफखान्याकडे आपल्याला परत यायचंय.

११ फेब्रुवारी १८७३. दोन्ही सभागृहं एकत्र बसली आणि २५८ विरुद्ध ३२ मतांनी प्रजासत्ताक जाहीर झालं. कास्तेलार त्या दिवशी जे बोलला ते स्पेनमध्ये अजून उद्धृत होतं. फर्दिनांदबरोबर परंपरेची राजेशाही मेली, इसाबेल पळाली तेव्हा संसदीय राजेशाही मेली, आमादेओ गेला तेव्हा लोकशाही राजेशाही मेली. कुणी मारलं नाही, ती आपली आपणच मेली. प्रजासत्ताक कुणी आणत नाहीये. ते परिस्थितीच आणते आहे.

वाक्य सुंदर आहे, आणि खरंही. त्यातच दुखणं होतं. 'कुणी आणत नाहीये' याचा सरळ अर्थ असा की प्रजासत्ताक हवं असणारे त्या सभागृहात थोडेच होते. बाजूने मत देणाऱ्यांत बहुतेक राजेशाहीवादी. हाताशी दुसरा राजा नव्हता म्हणून त्यांनी हात वर केला.

वरून की खालून?

पहिले अध्यक्ष फिगेरास. कास्तेलारकडे परराष्ट्र खातं. अमेरिका आणि स्वित्झर्लंडने चटकन मान्यता दिली, युरोपातल्या मोठ्या सत्तांनी दिली नाही. या काळातली ठळक गोष्ट २२ मार्च १८७३ ची : प्युर्टो रिकोतली गुलामगिरी रद्द झाली. तिथे तीस हजारांच्या आसपास गुलाम होते. मुक्ती मिळाली, पण मालकांना भरपाई, आणि मुक्त झालेल्यांना तीन वर्षं करारावर काम करण्याची सक्ती. क्युबाला हात लागला नाही. तिथे युद्ध होतं, साखरेचे मळे होते आणि मळेवाल्यांचा माद्रिदमध्ये वजनदार गोट होता. तिथली गुलामगिरी १८८६ पर्यंत रेंगाळली.

मे महिन्यात घटनासमितीची निवडणूक झाली. इतर पक्षांनी बहिष्कार घातला, त्यामुळे सभागृह जवळपास पूर्ण प्रजासत्ताकवाद्यांचं झालं. विरोधक संपला की आपसांत सुरू होतं, तसं झालं. संघराज्य हवं हे बहुतेकांना मान्य, पण ते कसं बनवायचं?

या प्रश्नावर सगळं फाटलं, म्हणून तो नीट पाहू. एक मार्ग असा : आधी देशाची संसद घटना लिहील, तीत प्रांतांच्या सीमा आणि अधिकार ठरतील, मग प्रांत आपापली सरकारं बनवतील. म्हणजे संघराज्य वरून खाली. दुसरा मार्ग उलटा : आधी गाव आणि शहर स्वायत्त, गावांनी आपसांत करार करून प्रांत बनवायचा, प्रांतांनी करार करून देश. या कराराच्या कल्पनेचा मोठा विचारवंत म्हणजे फ्रान्सेस्क पी इ मार्गाल, बार्सेलोनातल्या विणकराचा मुलगा, अभ्यासू आणि स्वच्छ माणूस. गंमत अशी की जूनमध्ये फिगेरास कुणालाही न सांगता आगगाडीत बसून फ्रान्सला निघून गेले आणि पी इ मार्गाल अध्यक्ष झाले, तेव्हा ते म्हणू लागले, आत्ता संसद आहे तर घटना वरूनच होऊ द्या. पण त्यांनीच वीस वर्षं शिकवलेले कार्यकर्ते आता थांबायला तयार नव्हते.

कास्तेलारला करारवाद मुळातच पटत नव्हता. त्याच्या लेखी स्पेन हे राष्ट्र आधीपासून होतंच. ते गावांनी सह्या करून बनवायची गोष्ट नव्हती. तरी घटनेचा मसुदा मुख्यतः त्यानेच लिहिला. तो १७ जुलैला सभागृहात आला. १७ राज्यं, त्यांत क्युबा आणि प्युर्टो रिकोही. धर्म आणि राज्य वेगळे.

उशीर झाला होता. १२ जुलैलाच कार्ताहेना या नाविक तळाच्या शहराने स्वतःला 'कँटन', म्हणजे स्वायत्त राज्य, जाहीर केलं होतं. पाठोपाठ वालेन्सिया, सेव्हिया, मालागा, कादिझ आणि लहानमोठी कितीतरी गावं. बहुतेकांना स्पेनमधून फुटायचं नव्हतं. त्यांना संसदेची वाट न पाहता संघराज्य आपल्या गावापासून सुरू करायचं होतं. पण कार्ताहेनाकडे देशाच्या आरमारातली दणकट चिलखती जहाजं होती, आणि ती जहाजं शेजारच्या बंदरांवर जाऊन खंडणी मागू लागली. उत्तरेत कार्लिस्ट, समुद्रापार क्युबा, दक्षिण आणि पूर्वेला कँटन. आणि लढायला तोफखान्याचे अधिकारी घरी बसलेले.

बळ वापरायचं की नाही या पेचात पी इ मार्गाल १८ जुलैला पायउतार झाले. तिसरे अध्यक्ष निकोलास सालमेरॉन, तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक. त्यांनी सैन्य धाडलं. दक्षिणेत जनरल पाविया, वालेन्सियाकडे जनरल मार्तिनेझ काम्पोस. ही दोन नावं ध्यानात असू द्या. पावियाने सेव्हिया घेतलं, मग ऑगस्टच्या सुरुवातीला कादिझ, म्हणजे कास्तेलारचं जन्मगाव. मार्तिनेझ काम्पोसने वालेन्सिया घेतलं. कार्ताहेना मात्र तटबंदीमागे टिकून राहिलं. मग सैन्यात शिस्त आणण्यासाठी फुटीर सैनिकांच्या मृत्युदंडावर सही करायची वेळ आली. सालमेरॉन जन्मभर मृत्युदंडाच्या विरोधात बोललेले. त्यांनी सही केली नाही, खुर्ची सोडली. माद्रिदमध्ये त्यांच्या थडग्यावर हीच गोष्ट कोरलेली आहे.

सही करणारा

सालमेरॉन यांच्याबद्दल आदर वाटल्याशिवाय राहत नाही. पण त्यांनी न केलेली सही दुसऱ्या कुणाला तरी करावी लागणार होती. ७ सप्टेंबर १८७३ ला कास्तेलार १३३ मतांनी अध्यक्ष झाला; पी इ मार्गाल यांना ६७ पडली. कास्तेलारने जन्मभर मृत्युदंडाच्या विरोधात काही कमी बोललेलं नव्हतं, आणि एकदा तो त्याच्या स्वतःच्या गळ्यापर्यंत आला होता. त्याने लष्करी शिस्तीचा कायदा पूर्ण लागू केला, मृत्युदंडासकट.

त्यानंतरचे निर्णय भराभर झाले. संसदेकडून खास अधिकार घेतले आणि २० सप्टेंबरपासून २ जानेवारीपर्यंत तिचं कामकाज थांबवलं. नागरी हमी स्थगित. वर्तमानपत्रांवर बंधनं. राखीव सैनिक बोलावले, कर्जं उभारली. तोफखान्याच्या अधिकाऱ्यांना सन्मानाने परत घेतलं, ज्यांच्यापायी एक राजा गेला होता त्यांनाच. पोपशी बोलणी करून बिशपांच्या रिकाम्या जागा भरायला घेतल्या. ज्याच्या मसुद्यात धर्म आणि राज्य वेगळे होते, त्याने. सेनापती निवडताना तो प्रजासत्ताकवादी आहे का हे विचारलं नाही, लढता येतं का एवढंच पाहिलं. पाविया राजधानीचा लष्करप्रमुख झाला.

अशातच ऑक्टोबरच्या शेवटी स्पॅनिश युद्धनौकेने क्युबाच्या बंडखोरांना शस्त्रं नेणारं 'व्हर्जिनियस' नावाचं, अमेरिकी निशाण लावलेलं जहाज पकडलं. सान्तिआगोच्या स्थानिक लष्करी अधिकाऱ्यांनी माद्रिदला विचारण्याआधीच खलाशी आणि प्रवासी मिळून ५३ जणांना गोळ्या घातल्या. कास्तेलारने थांबवण्याचा हुकूम पाठवला तो पोचेपर्यंत होऊन गेलं होतं. अमेरिकेत युद्धाच्या आरोळ्या सुरू झाल्या. नोव्हेंबर संपता संपता जहाज आणि उरलेली माणसं परत देण्याचा करार झाला आणि चौथी आघाडी उघडायची राहिली. माझ्या मते त्याच्या चार महिन्यांतली ही सर्वांत मोठी कमाई, आणि बहुतेक लोक ती विसरतात. कारण न झालेल्या युद्धाचं कुणी स्मारक बांधत नाही.

हे सगळं चुकलं का? कास्तेलारचं म्हणणं असं की प्रजासत्ताक म्हणजे गोंधळ ही समजूत एकदा रुजली, की लोक आपण होऊन राजाला आणतील. तेव्हा आधी सुव्यवस्था, बाकी नंतर. सालमेरॉन आणि डाव्या गटाचं म्हणणं, तू शत्रूंच्या हाती बंदुका दिल्यास आणि मित्रांना दूर लोटलंस. दोघेही बरोबर होते, आणि दोघांनाही आपलं बरोबर असणं निस्तरता आलं नाही.

तीन जानेवारी

सुट्टी संपली. २ जानेवारी १८७४ ला संसद भरली तेव्हा कास्तेलारला पाडायचं हे जवळपास ठरलेलंच होतं. आपण राजधानीतून उठाव करू शकतो, याची कुणकुण पावियाने आधीच दिली होती. संसद बोलावू नका, तुम्हीच राहा, मी पाठीशी आहे, असा सूर होता. कास्तेलारने तो झिडकारला. कायद्याने मिळालेली सत्ता कायद्यानेच जाईल.

चर्चा रात्रभर चालली. कुणीतरी विचारलं, त्या संघराज्याच्या घटनेचं काय झालं? कास्तेलार म्हणाला, ती तुम्ही कार्ताहेनात जाळलीत. पहाटे मतदान झालं : त्याच्या बाजूने १००, विरोधात १२०. त्याने राजीनामा दिला. नवा अध्यक्ष निवडण्याची मोजणी चालू असताना सभापतींच्या खुर्चीवरून सालमेरॉन यांनी सांगितलं, जनरल पावियाची माणसं आली आहेत, इमारत पाच मिनिटांत रिकामी करा म्हणतात.

एकच गलका झाला. जागेवरच मरू, असं पुष्कळ जण म्हणाले. काहींना एकदम कास्तेलार आठवला : आत्ताच्या आत्ता तुमच्यावर विश्वासाचा ठराव करतो, तुम्हीच सरकार चालवा. तो म्हणाला, आता माझं कोण ऐकणार. सशस्त्र पोलीस आत शिरले, दालनांमध्ये गोळ्यांचे आवाज झाले आणि सभागृह रिकामं झालं. पाविया घोड्यावरून संसदेत घुसला अशी समजूत स्पेनमध्ये इतकी घट्ट आहे की 'पावियाचा घोडा' हा वाक्प्रचारच झालाय. घोडा आत गेला नव्हता. पाविया स्वतःही नव्हता गेला. तो बाहेर चौकात होता.

पावियाला स्वतःला राज्य करायचं नव्हतं. त्याने पक्षांचे पुढारी जमवले आणि कास्तेलारलाही बोलावलं. त्याने साफ नकार दिला आणि निषेधाचं पत्रक काढलं. त्यातलं म्हणणं असं : झुंडशाहीपासून मला माझी सदसद्विवेकबुद्धी दूर ठेवते, संगिनींनी उभ्या केलेल्या या सरकारपासून माझी सदसद्विवेकबुद्धी आणि माझी अब्रू, दोन्ही. सत्ता जनरल सेरानोकडे गेली. नावाला प्रजासत्ताक आणखी वर्षभर राहिलं. २९ डिसेंबर १८७४ ला सागुन्तोजवळ एका जनरलने तुकडीसमोर उभं राहून इसाबेलच्या मुलाच्या, बाराव्या आल्फोन्सोच्या नावाची घोषणा केली. तो जनरल मार्तिनेझ काम्पोस. प्रजासत्ताकासाठी शहरं परत जिंकणाऱ्या दोन जनरलांपैकी एकाने त्याची संसद संपवली, दुसऱ्याने नाव.

जमेल तेवढं

इथे बहुतेक गोष्टी संपतात, पण कास्तेलार तेव्हा बेचाळीस वर्षांचा होता. १८७५ मध्ये नव्या सरकारने प्राध्यापकांनी राजेशाही आणि चर्चच्या विरोधात शिकवू नये असं फर्मान काढलं. निषेध म्हणून त्याने आपलं अध्यापनाचं पद सोडलं. म्हणजे त्याच खुर्चीवरून दुसऱ्यांदा उठणं झालं. १८७६ मध्ये तो पुन्हा संसदेत आला आणि त्याने एक वाट धरली जिला स्पॅनिशमध्ये 'पोसिबिलिस्मो' म्हणतात. शक्यतावाद. सोप्या शब्दांत : बंड नाही, कट नाही, जनरल नाही. प्रजासत्ताक आत्ता येत नसेल तर त्यातला ऐवज तरी राजेशाहीकडून एकेक करून काढून घ्यायचा.

त्याच्या मुख्य मागण्या दोन : ज्यूरीसमोर खटले आणि सर्व पुरुषांना मत. सागास्ता यांच्या लिबरल सरकारला तो बाहेरून आधार देत राहिला. १८८८ मध्ये ज्यूरीचा कायदा झाला, १८९० मध्ये मताधिकार आला. १८९३ मध्ये त्याने अनुयायांना सांगितलं, लिबरल पक्षात जा. स्वतः मात्र गेला नाही. प्रजासत्ताकवादी म्हणून जन्मलो, तसाच मरणार.

जुन्या सोबत्यांनी त्याला फितूर म्हटलं. सालमेरॉन आणि पी इ मार्गाल यांनी तडजोड केली नाही. मला त्यांचा एक आक्षेप फार खरा वाटतो. लिबरल आणि कॉन्झर्व्हेटिव्ह हे दोन पक्ष आळीपाळीने सत्तेत यायचे, आणि निकाल आधी ठरायचा. गावोगावचे 'कासिके', म्हणजे ज्याच्या शब्दाबाहेर गावात पान हलत नाही असे वतनदारी थाटाचे पुढारी, मतपेटीत काय निघायचं ते पाहून घ्यायचे. मत सर्वांना मिळालं आणि गावाचा निकाल पूर्वीसारखाच कासिकेच्या वाड्यावर लागत राहिला. कायदा झाला म्हणजे काम झालं, असं मानणं ही वक्त्याची चूक असते. बोललं की झालं, अशी सवय तोंडाला लागते.

तरी दुसरी बाजू राहतेच. १८९० च्या कायद्यामुळे मोठ्या शहरांत, जिथे कासिकेचा हात पोचत नव्हता, प्रजासत्ताकवादी आणि पुढे समाजवादी खरोखर निवडून येऊ लागले.

घरचं आयुष्य साधं होतं. लग्न केलं नाही. बहीण कोंचाबरोबर राहिला. खाण्याचा भोक्ता होता, पंगती घालायचा, आणि त्या खर्चासाठी अमेरिकेतल्या वर्तमानपत्रांना पानंच्या पानं लिहायचा. त्याचं लिखाण आज फारसं कुणी वाचत नाही. अलंकारांनी इतकं लगडलेलं की श्वास लागतो. ती वाक्यं ऐकायची होती, त्या आवाजात, त्या सभागृहात.

१८९८ मध्ये अमेरिकेशी युद्ध झालंच. क्युबा आणि प्युर्टो रिको, म्हणजे त्याच्या मसुद्यातल्या १७ राज्यांपैकी दोन, एका उन्हाळ्यात गेली. फिलिपिन्सही गेलं. कास्तेलार तेव्हा आजारी होता. १८९९ च्या वसंतात तो पुन्हा संसदेवर निवडून आला, पण बोलायला उभा राहायचं राहून गेलं. हवापालटासाठी तो मुर्सिया प्रांतातल्या सान पेद्रो देल पिनातार या किनाऱ्यावरच्या गावी गेला आणि २५ मेला तिथेच वारला. तिथून किनाऱ्याने दक्षिणेला गेलं की जवळच कार्ताहेना लागतं.